भिंत एकाची, थडगी दुसऱ्याची

उत्तर स्कॉटलंडमधल्या आर्डगे गावापासून स्ट्रॅथकॅरनच्या खोऱ्यात साधारण सोळा किलोमीटर आत गेले की क्रॉइकचे चर्च लागते. १८२७ साली बांधलेले, लहान, साधे, दगडी. भोवती थडगी आणि पलीकडे डोंगर. या चर्चच्या एका खिडकीच्या काचा शंकरपाळ्याच्या आकाराच्या आहेत आणि त्यांवर टोकदार वस्तूने खरवडलेली अक्षरे आहेत. 'ग्लेनकॅल्व्हीचे लोक इथे चर्चच्या आवारात होते, २४ मे १८४५', असे एका काचेवर. 'ग्लेनकॅल्व्हीचे लोक, पापी पिढी', असे दुसरीवर.

ग्लेनकॅल्व्ही हे जवळचेच खोरे. तिथली कुळे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होती आणि त्यांचा खंडही थकलेला नव्हता. पण जमीनमालकाला माणसांपेक्षा मेंढ्यांत जास्त पैसा दिसत होता. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गावेच्या गावे अशीच उठवली गेली. ग्लेनकॅल्व्हीच्या लोकांना घरे सोडावी लागली आणि ऐंशीच्या आसपास माणसे क्रॉइकच्या आवारात येऊन राहिली. चर्चच्या आत नव्हे, बाहेर, थडग्यांमध्ये. खांब रोवून, त्यांवर घोंगड्या टाकून त्यांनी आडोसा केला. लंडनच्या 'टाइम्स'ने तिथे बातमीदार पाठवला होता. आवारात पेटवलेली शेकोटी, तिच्याभोवती कोंडाळे करून बसलेली मुले आणि शेकोटीजवळ ठेवलेले दोन पाळणे, असे त्याने लिहून ठेवले आहे. यांतल्याच कोणीतरी खिडकीवर ती अक्षरे खरवडली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी स्वतःलाच पापी म्हणून लिहून ठेवावे, ही गोष्ट मला त्या सगळ्या हकिगतीत सर्वांत जास्त टोचते.

लिहिणारा उभा होता थडग्यांच्या जागेत आणि त्याने लिहिले चर्चच्या काचेवर. अक्षरे बाहेरच्या बाजूने आहेत. ती वाचायला आपल्यालाही त्याच्याच जागी, थडग्यांमध्ये उभे राहावे लागते. म्हणजे काच, भिंत, माती आणि शिळा मिळून हा एकच कागद झाला. स्कॉटलंडच्या कायद्याने मात्र अशा कागदाचे मधोमध दोन तुकडे केले आहेत, आणि त्या तुकड्यांबद्दलच मला बोलायचे आहे.

चर्च ऑफ स्कॉटलंड ही तिथली राष्ट्रीय धर्मसंस्था. लोक तिला नुसते 'कर्क' म्हणतात. १९५०च्या दशकात तिचे सभासद तेरा लाखांच्या वर होते, आज ते अडीच लाखांच्या आसपास उरले आहेत. २०२२च्या जनगणनेत ५१.१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगितले. २०११ साली हे प्रमाण ३६.७ टक्के होते. त्याच अकरा वर्षांत स्वतःला चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे ३२.४ टक्क्यांवरून २०.४ टक्क्यांवर आले. पाळक मिळत नाहीत, जे आहेत ते निवृत्तीला टेकलेले, आणि एकेका पाळकाच्या गळ्यात चार-चार, पाच-पाच गावे. मग २०२१ साली संस्थेच्या महासभेने ठरवले की प्रत्येक विभागाने आपल्याकडच्या इमारतींचा हिशेब मांडावा, कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या ते सांगावे. तेव्हापासून स्कॉटलंडभर गावोगावची चर्चे बाजारात येत आहेत. कुठे घर होते, कुठे सुट्टीत भाड्याने द्यायची जागा होते, कुठे काहीच होत नाही आणि छपराच्या पाट्या एकेक करून खाली येतात.

चर्चचा जो तुकडा विकला जातो तो इमारतीचा. भोवतालची दफनभूमी बहुतेक जुन्या गावांत चर्चच्या मालकीची नाहीच. १९२५ साली ब्रिटिश संसदेने चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मालमत्तेचा कायदा केला आणि त्यानुसार इमारती संस्थेच्या विश्वस्तांकडे, तर चर्चभोवतालच्या दफनभूमी स्थानिक पॅरिश कौन्सिलांकडे गेल्या. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावाचा मुलूख.) पाच वर्षांत पॅरिश कौन्सिलेच रद्द झाली, जबाबदारी जिल्ह्याकडे गेली, मग आणखी दोनदा रचना बदलली आणि १९९६पासून ती बत्तीस मोठ्या कौन्सिलांवर आहे. गावातल्या माणसाने ओळखावी अशी कोणतीच संस्था त्या थडग्यांची मालक उरली नाही. चर्च चालू असते तोवर हे कुणाला जाणवत नाही, कारण रविवारी येणारी माणसेच जाता-येता गवत काढतात, पडलेली शिळा सरळ करतात, फाटक लावून घेतात. चर्च विकले गेले की उघड होते की भिंत एकाची होती आणि थडगी दुसऱ्याची. माझे म्हणणे थोडक्यात असे: या दोन गोष्टी वेगळ्या करून विकू नयेत, त्या एकत्र गावाच्या हाती द्याव्यात आणि त्यांच्या निगराणीसाठी सरकारने एकदाच, पण कायमचा निधी घालून द्यावा.

यावर चर्चचे उत्तर प्रामाणिक आहे आणि ते नीट ऐकून घ्यायला हवे. आमच्या श्रद्धेत इमारत पवित्र नसते, असे ते म्हणतात. आणि ते खरेच आहे. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंटांनी मूर्ती काढल्या, मृतांसाठीच्या प्रार्थना बंद केल्या, चर्चच्या आत पुरण्याची प्रथाही मोडीत काढली. चर्च म्हणजे जमलेली माणसे, दगड नव्हेत. दहा म्हाताऱ्या माणसांनी आठवडाभर गरजूंसाठी काम करायचे की गळके छप्पर दुरुस्त करायला पैसे गोळा करत बसायचे, हा त्यांचा प्रश्न आहे. पाळकाचा पगार द्यायचा की पन्हळी बदलायच्या? मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित मीही पाळकाचाच पगार दिला असता.

पण इमारत पवित्र नाही म्हणून ती सामान्य स्थावर मालमत्ता ठरते, हा पुढचा निष्कर्ष मला मान्य नाही. पवित्र नसेल तर ती सार्वजनिक आहे. तिचा पैसा कुठून आला ते पाहा. १९२५पर्यंत पॅरिशचे चर्च, पाळकाचे घर आणि बराच काळ शाळाही बांधण्याची, दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कायद्याने तिथल्या जमीनमालकांवर होती. ती ऐच्छिक देणगी नव्हती, जमिनीवरची पट्टी होती. जमीनमालक ती कशातून भरणार? कुळांच्या खंडातून. म्हणजे जो मेंढपाळ रविवारी शेवटच्या बाकावर बसायचा, त्याच्याही घामाचा पैसा त्या भिंतीत आहे. शिवाय हे चर्च फक्त प्रार्थनेचे नव्हते. पाळक आणि गावातले वडीलधारे यांची सभा गरिबांना मदत वाटत असे. १८४५च्या कायद्याने ते काम वेगळ्या मंडळांकडे जाईपर्यंत खेड्यातल्या विधवेला, अपंगाला मिळणारे धान्य आणि पैसे बहुतेक याच सभेतून मिळत. तिरडीवर घालायचे काळे वस्त्रही चर्चकडून भाड्याने मिळे आणि त्याचे भाडे गरिबांच्या पेटीत जाई. १६९६च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा हवी असे ठरले, तीही याच व्यवस्थेच्या देखरेखीखाली. ग्रामपंचायत, धर्मादाय पेढी, शाळा-समिती आणि न्यायासन, सगळे एका छपराखाली होते. न्यायासनाची बाजू फार कठोर होती, अविवाहित मातांना भर चर्चमध्ये उभे करून त्यांची लाज काढली जाई, हेही विसरून चालणार नाही. पण कठोर असो की दयाळू, कारभार गावाचाच होता.

क्रॉइकच्या बाबतीत तर पैसा सरळ सरकारी तिजोरीतून आला. १८२३ साली संसदेने डोंगराळ भाग आणि बेटांवर चर्चे बांधण्यासाठी पन्नास हजार पौंड मंजूर केले. त्यातून बत्तीस चर्चे उभी राहिली आणि ती बांधून घेण्याचे काम थॉमस टेल्फर्ड या अभियंत्याकडे होते. चर्च आणि पाळकाचे घर मिळून पंधराशे पौंडांच्या वर जाऊ नये अशी अट होती, म्हणून नमुना एकच, साधा, बिनडौलाचा. क्रॉइक त्यांतलेच एक. लोकांच्या करातून उभे राहिलेले घर दोनशे वर्षांनी रिकामे होत असेल, तर लोकांना 'हे तुम्हाला हवे आहे का?' असे निदान आधी विचारायला नको का?

टेल्फर्डचे नाव आले तेव्हा त्याच्या गावी जाऊ. कारण थडग्यांचे आवार म्हणजे नेमके काय असते हे क्रॉइकपेक्षाही तिथे जास्त कळते.

स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला एस्कडेल नावाचे खोरे आहे आणि त्यात वेस्टरकर्क ही पॅरिश. १७५७ साली इथल्या ग्लेनडिनिंगच्या माळावर जॉन टेल्फर्ड नावाचा मेंढपाळ वारला. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. विधवेने पडेल ते काम करून त्याला वाढवले, पॅरिशच्या शाळेत घातले, पुढे गवंड्याच्या हाताखाली दिले. हातात छिन्नी आल्यावर या मुलाने आपल्या न पाहिलेल्या बापासाठी स्वतः शिळा घडवली आणि ती वेस्टरकर्कच्या दफनभूमीत उभी केली. तीवर लिहिले: 'जॉन टेल्फर्ड यांच्या स्मरणार्थ, जे तेहतीस वर्षे निष्कलंक मेंढपाळ म्हणून जगून ग्लेनडिनिंग येथे नोव्हेंबर १७५७ मध्ये वारले.' हाच मुलगा पुढे मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल आणि कॅलेडोनियन कालवा बांधणारा टेल्फर्ड झाला. १८३४ साली तो गेला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत जागा मिळाली. पण त्याच्या कामाचा पहिला पुरावा पाहायचा तर तो अ‍ॅबीत नाही, या खेड्यात आहे. 'निष्कलंक मेंढपाळ' या दोन शब्दांत एका मुलाने बापाला जे दिले ते कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

दप्तराचा मुद्दा भावनेपुरता नाही. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ रोजी. त्याआधीच्या चर्चच्या नोंदवह्या आहेत, पण पुष्कळ पॅरिशमध्ये दफनांच्या नोंदी तुटक आहेत किंवा नाहीतच. अशा ठिकाणी माणूस होऊन गेला याचा एकमेव पुरावा म्हणजे त्याची शिळा. आणि या शिळा पुष्कळ काही सांगतात. अठराव्या शतकातल्या स्कॉटिश शिळेवर विणकराचा धोटा असतो, शिंप्याची कात्री असते, लोहाराचा हातोडा आणि त्यावर मुकुट, शेतकऱ्याचा नांगराचा फाळ. निरक्षर शेजाऱ्यालाही कळावे की इथे कोण आहे. मराठी वाचकाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, डोळ्यांत भरेल अशी आणखी एक गोष्ट: या शिळांवर विवाहित बाईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह कोरलेले असते. नवऱ्याचे नाव वर, खाली 'आणि त्याची पत्नी' म्हणून तिचे नाव, तिच्या बापाच्या आडनावाने. जन्माला आली त्या नावाने ती मातीत जाते. वंशावळ शोधत कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या लोकांना आईकडचा धागा सापडतो तो बहुधा या रीतीमुळेच.

या मृतांना जपण्यासाठी गावांनी काय काय केले आहे! १८३२च्या शरीरशास्त्र कायद्याआधी वैद्यकीय शाळांना प्रेते पुरवण्यासाठी ताज्या कबरी उकरल्या जात. गावकरी रात्र-रात्र पहारा देत, त्यासाठी आवारात चौकी बांधत, वर्गणी काढून लोखंडी पेटारे ओतून घेत आणि प्रेत कुजून निरुपयोगी होईपर्यंत ते कबरीवर ठेवत. अ‍ॅबरफॉइलच्या जुन्या चर्चच्या दाराशी असे दोन पेटारे आजही पडलेले आहेत. जी माती राखायला लोकांनी थंडीत रात्री जागून काढल्या, ती आता तक्त्यातली 'देखभालीची बाब' झाली आहे.

पण मी आवाराला सार्वजनिक दप्तर म्हणत असेन तर त्यात काय लिहिलेले नाही हेही सांगायला हवे. वेस्टरकर्कच्या दफनभूमीत सर्वांत भव्य काय आहे तर जॉन्स्टन घराण्याची समाधी. १७९०ची, रॉबर्ट अ‍ॅडम या त्या काळच्या अत्यंत नामांकित वास्तुकाराच्या हातची. जॉन्स्टन हे वेस्टरहॉलचे जमीनदार. त्यांच्यातल्या विल्यमने पुढे पुल्टनी हे नाव घेतले, तो फार श्रीमंत झाला आणि त्यानेच गवंडी टेल्फर्डला हात देऊन वर आणले. त्याचा भाऊ जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये होता आणि प्लासीनंतरच्या लुटीच्या वर्षांत अफाट पैसा करून १७६५ साली परतला. परतताना त्याच्या घरात बंगालमधली एक तरुणीही आली. कोर्टाच्या कागदांत तिचे नाव 'बेल ऊर्फ बेलिंडा' एवढेच आहे. १७७१ साली तिच्यावर स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याचा आरोप ठेवला गेला. खटला चालला असता तर फाशीची भीती होती. तिने हद्दपारीची विनवणी केली आणि पर्थच्या कोर्टाने तिला अमेरिकेतल्या वसाहतीत जन्मभराची गुलाम म्हणून विकण्यासाठी पाठवले. स्कॉटलंडमधल्या कोर्टाने गुलाम ठरवलेली ती शेवटची व्यक्ती असे इतिहासकार मानतात. सातच वर्षांनी, १७७८ साली, जोसेफ नाइट नावाच्या माणसाच्या खटल्यात एडिंबरोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्कॉटलंडच्या कायद्यात गुलामगिरीला जागा नाही. बेलिंडासाठी हा निकाल सात वर्षे उशिरा आला.

घराण्याच्या समाधीला अ‍ॅडम मिळाला आणि बेलिंडाला दगडाचा तुकडाही नाही. अशीच आणखी एक कबर आहे ती आवाराबाहेर. १६८५ साली, धर्मछळाच्या दिवसांत, अँड्र्यू हिस्लप नावाच्या तरुणाला शेजारच्या एस्कडेलम्यूरमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. हुकूम होता त्याच वेस्टरहॉलच्या जॉन्स्टनचा, या घराण्याच्या पूर्वजाचा. त्याला पडला तिथेच, माळावर पुरले आणि लोकांनी पुढे त्या जागी शिळा ठेवली. (त्याच एस्कडेलम्यूरमध्ये १९६७ साली तिबेटी बौद्ध मठ स्थापन झाला, पश्चिमेतल्या पहिल्यांपैकी एक. खोऱ्यातली श्रद्धा संपली असे म्हणणाऱ्यांनी जरा वरच्या अंगाला जाऊन यावे.) वेस्टरकर्कची दफनभूमी जपायची ती जॉन्स्टनांच्या गौरवासाठी मुळीच नव्हे. मेंढपाळाची शिळा, जमीनदाराची समाधी, माळावरचा हिस्लप आणि कुठेच नसलेली बेलिंडा हे सगळे एकाच ठिकाणी उभे राहून दिसते म्हणून जपायची. समाधीवर बेलिंडाची हकिगत सांगणारी पाटी लागली पाहिजे, हा माझा आग्रह आहे. आणि अशी पाटी खाजगी मालकाच्या बागेत लागत नाही, ती सार्वजनिक जागेतच लागते.

मराठी माणसाने यात का पडावे, असे कोणी विचारील. वेस्टरकर्क पॅरिशमध्येच बर्नफूट नावाचे शेत आहे. तिथल्या जॉर्ज माल्कम या कुळाला सतरा मुले, त्यांतला एक जॉन, जन्म १७६९. याच पॅरिशच्या शाळेत तो शिकला आणि चौदाव्या वर्षी कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात आला. हाच तो माल्कम, जो डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढला. ज्याच्या छावणीत जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला आणि ज्याने त्याला वर्षाला आठ लाखांचा तनखा कबूल केला. १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी जमिनीची अदलाबदल करून त्याने महाबळेश्वरावर जी वसाहत वसवली ती माल्कमपेठ. पेशवाईचा शेवटचा कागद ज्याने लिहून घेतला तो एका स्कॉटिश कर्काच्या शाळेत अक्षरे गिरवून आला होता, हे आपल्याही इतिहासाचे पान आहे. बंगालची बेलिंडा आणि मराठ्यांचा पेशवा, दोघांचे नशीब एकाच लहानशा पॅरिशमधून निघालेल्या माणसांनी ठरवले. ती पॅरिश पुसली जाऊ नये असे आपल्याला वाटायला याहून वेगळे कारण कशाला हवे?

आता व्यवहाराकडे. अर्ध्याहून अधिक लोक निधर्मी असलेल्या देशात चर्चवर करदात्यांचा पैसा का, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. माझे उत्तर असे की प्रार्थनेसाठी एक पेनीही देऊ नका. प्रार्थना थांबल्यानंतरच्या इमारतीबद्दल आपण बोलत आहोत. इंग्लंडने हे ओळखून १९६९ साली रिकाम्या झालेल्या ऐतिहासिक चर्चांसाठी निधी स्थापन केला, आज त्या विश्वस्त संस्थेकडे साडेतीनशेच्या वर चर्चे आहेत आणि तिला सरकारचे नियमित अनुदान मिळते. स्कॉटलंडमध्ये १९९६पासून तशी एक धर्मादाय संस्था आहे, चांगले काम करते, पण तिच्याकडे मोजकीच चर्चे आहेत आणि इंग्लंडसारखे सरकारी पाठबळ तिला कधी मिळालेले नाही. ऐतिहासिक इमारत म्हणून सरकारी यादीत नाव असले की ती परवानगीशिवाय पाडता येत नाही, एवढेच. यादी छप्पर शाकारत नाही.

कायद्याची गुंतागुंतही अशीच मारक आहे. स्कॉटलंडमध्ये गावकऱ्यांना जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क देणारा २००३चा कायदा आहे आणि या बाबतीत तो देश पुष्कळांच्या पुढे आहे. चर्चची इमारत त्या मार्गाने घेता येते. थडग्यांची जागा मात्र कौन्सिलची, म्हणून तिच्यासाठी २०१५च्या दुसऱ्या कायद्याखाली हस्तांतराचा वेगळा अर्ज. एका आवारासाठी दोन कायदे, दोन मुदती, दोन मूल्यांकने, आणि अर्ज भरणारे कोण? तीसेक घरांच्या वस्तीतले चार-दोन निवृत्त लोक. घेण्यासाठी अनुदान मिळू शकते, पण घेतल्यावर दरवर्षी पन्हळी साफ कोण करणार, विम्याचा हप्ता कोण भरणार, यासाठी काही नाही. बाळ झाल्याचा आहेर मिळतो, दुधाचे पैसे मिळत नाहीत. म्हणून गावे पुढे येत नाहीत आणि मग 'गावालाच नको आहे' असा शेरा मारला जातो.

तिकडे कौन्सिलांची ओढाताण वेगळीच. गेल्या दशकात एका स्मशानात शिळा अंगावर पडून एक लहान मुलगा दगावला. त्यानंतर ठिकठिकाणी शिळांची तपासणी सुरू झाली. जी हलते ती आडवी करून ठेवायची. मुलाच्या जिवापुढे दगड मोठा नाही, याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण शिळा आडवी करणे हा स्वस्त उपाय आहे, योग्य नव्हे. पालथी घातली तर अक्षरे मातीत, उताणी ठेवली तर वालुकाश्मावर पाणी साचून थंडीत त्याचे पापुद्रे सुटतात. पाया खणून शिळा पुन्हा उभी करायला गवंडी लागतो. अडचण पैशाचीच आहे, आणि ज्या कौन्सिलला शाळा चालवायच्या आहेत ती शाळांनाच पैसा देणार.

प्रसिद्धी असेल तर वाट निघते. एअरजवळचे अ‍ॅलोवेचे चर्च अठराव्या शतकातच बिनछपराचे पडके झाले होते. फ्रान्सिस ग्रोस नावाचा पुरातत्त्वप्रेमी स्कॉटलंडच्या जुन्या वास्तूंवर ग्रंथ तयार करत होता. स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याने त्याला विनवले की माझा बाप तिथे पुरला आहे, ते चर्च ग्रंथात घ्या. ग्रोसने बदल्यात एक भुताटकीची गोष्ट मागितली आणि बर्न्सने १७९० साली 'टॅम ओ शँटर' लिहून दिली. त्या कवितेमुळे ते भग्नावशेष आज जगातून लोक पाहायला येतात. पण प्रत्येक गावाच्या नशिबी बर्न्स नसतो. आणि बर्न्स असूनही तिथल्या तुळया लोकांनी तपकिरीच्या डब्या करायला तोडून नेल्या, बापाची मूळ शिळा आठवण म्हणून टवके काढून-काढून संपवली. नुसती प्रसिद्धी जपत नाही. जपायला रोजचा माणूस लागतो आणि त्या माणसामागे थोडा पण खात्रीचा पैसा.

तो कसा उभारायचा, याचे उत्तर वेस्टरकर्कलाच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ग्लेनडिनिंगच्या अँटिमनी या धातूच्या खाणीतल्या कामगारांनी तिथे एक वाचनालय सुरू केले. खाण बंद पडली, खाणकामगार पांगले, पण पुस्तके पॅरिशकडे राहिली. टेल्फर्डने मृत्युपत्रात या वाचनालयाला एक हजार पौंड ठेवले, शेजारच्या लँगहोमच्या वाचनालयालाही तेवढेच. मुद्दलाला हात न लावता व्याजातून पुस्तके घ्यायची अशी व्यवस्था झाली आणि गावातल्याच लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनात लिहिले आहे की पुस्तके महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या दिवशी बदलली जात. शेतकरी, नांगरे, मेंढपाळ आणि त्यांची मुले लांबलांबच्या माळांवरून येत, महिनाभर पुरतील एवढी पुस्तके घेत, आणि परतीची वाट चंद्राच्या उजेडात चालत जात.